इंजिन टांगायची फळी

पवनेकाठच्या तंबूंवर लिहा, असं संपादकांचं म्हणणं होतं. पण तंबू, शेकोटी आणि रात्रभर वाजणारी गाणी यांवर पुष्कळ लिहून झालंय, आणि ते वाचून लोकांनी शनिवार-रविवारचं आरक्षणही करून टाकलंय. हा लेख काठावर चिखलात ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्यांबद्दल आहे. खरं तर त्यांतल्या एका फळीबद्दल. होडीच्या मागच्या टोकाला जी सपाट उभी बाजू असते, जिच्यावर इंजिन टांगतात, ती. बांधणीवाले तिला ट्रान्सम म्हणतात.

मावळात होडी तशी उशिरा आली. इथल्या नद्या पावसाळ्यात अंगावर येणाऱ्या आणि उन्हाळ्यात घोटाभर. बारमाही रुंद पाणी आणलं ते धरणांनी. आधी टाटांच्या वीजप्रकल्पाचे तलाव झाले (खोपोलीचं वीजघर १९१५ चं), मग १९७२ मध्ये पवना धरण पुरं झालं. दर्यावर्दी मंडळी त्याआधीही येऊन गेली होती. कान्होजी आंग्र्यांनी लोहगड घेतला आणि १७१४ साली लोणावळ्याजवळ बाळाजी विश्वनाथांशी तह केला. गलबतं अर्थातच घाटाखाली राहिली. १९४५ पासून लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे. जहाजांची इंजिनं शिकवणारी नौदलाची संस्था समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचावर, ही गंमत मला अजून सरावाची झालेली नाही.

पण पवनेच्या होडीवाल्याला इंजिनाची भीती नसते. प्लग साफ करणं, पंख्याची तुटलेली पिन बदलणं ही कामं काठावरच उरकतात. दगा देते ती फळी.

ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिरानं १९०९ च्या सुमारास होडीमागं टांगायचं इंजिन बाजारात आणलं. तोवर या फळीकडून अपेक्षा माफक होत्या: पाणी बाहेर ठेवायचं आणि सुकाणू धरायचं. दोन्ही टोकांनी निमुळत्या होडीला तर ती नसतेच. इंजिन आलं आणि सगळा भार तिच्यावर पडला. पंचवीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पन्नास किलोच्या आसपास भरतं, पण वजन ही त्यातली सोपी बाब. पंखा फिरतो फळीच्या वरच्या कडेपासून बराच खाली, आणि होडीला पुढं नेणारा त्याचा सगळा रेटा फळीतूनच होडीत शिरतो. इंजिनाची पकड खालून फळीला आत दाबते आणि वरची कड मागं ओढते. उन्हाळ्यात पाणी उतरून वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं, तेव्हा बुडालेले दगड आणि बुंधेही वरच्या पाण्यात येतात. इंजिनाचं पातं त्यांवर आदळलं की तो हिसका सोसायलाही हीच.

फायबरच्या होडीत लाकूड कुठलं, असं कोणी विचारेल. बऱ्याच होड्यांत फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये प्लायवूड असतं. ते दिसत नाही, हीच अडचण. इंजिनाच्या बोल्टचं भोक, तळाच्या बुचाचं भोक, वरची घासलेली कड यांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला जगता येत नाही, आणि खाऱ्या पाण्यात तिचा जोर कमी असतो. पण इथं पाणी गोडं, आणि लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर.

तपासणी हातोडीनं होते. मिस्त्री फळीवर ठोकत जातो. टणक आवाज आला तर पुढं, बद्द आवाज आला तर खडूची खूण. मग तिथं बारीक भोक पाडायचं. भुसा कोरडा, फिकट निघाला तर ठीक. काळा, ओला निघाला तर पापुद्रा कापायचा. तो आतून कापतात आणि बाहेरचा शाबूत ठेवतात, म्हणजे होडीचा आकार हलत नाही आणि नव्या फळीला टेकायला साचाही मिळतो. पटाशी लावली की आतलं प्लायवूड भिजलेल्या चहापत्तीसारखं हातात येतं. कुजलेला भाग संपला तरी हात थांबवायचा नाही, चांगलं लाकूड लागल्यावरही थोडं पुढं जायचं; मला वाटतं, या कामातली सगळी अक्कल एवढ्यातच आहे. मग पुठ्ठ्याचा साचा, त्यावरून अठरा मिलिमीटरचे दोन थर, मध्ये घट्ट इपॉक्सी, शिकंजे. वरून काचतंतूंची मॅट आणि रेझिन.

प्लायवूड कुठलं, यावर वाद होतात. दुकानात ‘मरीन’ म्हणून जे मिळतं त्याचा बराचसा वाटा स्वयंपाकघराच्या कपाटांत जातो. खरं मरीन प्लायवूड आयएस ७१० या मानकाचं. त्याचा तुकडा ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत. ही परीक्षा मात्र चिकटवणाऱ्या डिंकाची आहे. लाकूड कुजू नये म्हणून मानकात औषधप्रक्रियाही सांगितली आहे, आणि स्वस्त माल घेताना नेमकी तीच कोणी विचारत नाही. काही जण सागाची सबंध फळीच बसवतात. साग कुजत नाही म्हटलं तरी चालेल, पण त्याचं अंगचं तेल इपॉक्सीला धरू देत नाही. चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसावं लागतं.

उंचीही चुकवता येत नाही. छोट्या दांड्याच्या इंजिनाला पंधरा इंचांची फळी लागते, लांब दांड्याच्या इंजिनाला वीस इंचांची. फळी उंच झाली तर पंखा हवा ओढून नुसताच घुमतो. ठेंगणी झाली तर मागून येणारी लाट होडीत.

एवढं सगळं ठाऊक असूनही काम नीट होत नाही, कारण पंचांग आडवं येतं. होड्या रिकाम्या असतात जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत या भागात कपडे वाळत नाहीत, तिथं लाकूड काय वाळणार? ओल्या लाकडावर पॉलिएस्टर रेझिन धरत नाही. आणि ओलं प्लायवूड वरून बंद करणं म्हणजे बुरशीला आत कोंडून पोसणं. एप्रिल-मे कोरडा, पण उन्हात कालवलेलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत घट्ट होतं. घाईत कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतले तर स्फोटसुद्धा होऊ शकतो. राहतात दिवाळीनंतरचे महिने. हवा कोरडी, ऊन बेताचं, फळीसाठी याहून चांगले दिवस नाहीत. नेमकी तेव्हाच गर्दी, आणि थर्टी फर्स्टला होडी काठावर ठेवणारा मालक अजून जन्मायचाय.

त्यात जुनी टू-स्ट्रोक जाऊन फोर-स्ट्रोक इंजिनं येताहेत. धूर कमी, तेल कमी, पण तेवढ्याच ताकदीचं इंजिन वजनाला जास्त. जी फळी जुन्या इंजिनाखाली आणखी दोन हंगाम तगली असती, ती नव्याखाली वाकू लागते. वाकली की बोल्टभोवतीची भोकं लांबट होतात.

मग तोडगा निघतो तो सोमवार ते गुरुवारात मावणारा. पापुद्रा कापायचा नाही, आतून-बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा लावायचा, वरून रंग. फळी पुन्हा ताठ दिसते, इंजिन चढतं, शुक्रवारी संध्याकाळी होडी पाण्यात. पत्र्यामागं साचलेलं पाणी आता उन्हालाही दिसत नाही. आणि पत्रा बसवायला फळीत आणखी आठ-दहा भोकं पाडावी लागलेली असतात.