फुली मारणारे आणि फुली पुसणारे

टेकडीवरचा धोंडा खाली लोटायला इंधन लागत नाही. एक धक्का पुरतो. प्रथिनाचा रेणू मोडून त्यातील ॲमिनो आम्ले सुटी करणे हेही असेच उतारावरचे काम. त्यात ऊर्जा बाहेर पडते. परंतु १९५३ साली मेल्विन सिम्पसन यांना यकृताच्या पेशींत उलटेच आढळले. प्रथिने मोडण्यासाठी पेशी चक्क ऊर्जा खर्च करीत होती! असे का?

याचे उत्तर १९८० च्या सुमारास ॲव्हराम हर्श्को, ॲरन सिचॅनोव्हर आणि अर्विन रोझ यांनी शोधून काढले. २००४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पडीक घर पाडण्यापूर्वी त्याच्या भिंतीवर लाल फुली मारतात ना? तशीच खूण पेशी नको असलेल्या प्रथिनावर करते. ही फुली म्हणजे ७६ ॲमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन, युबिक्विटिन. त्याची साखळी ज्याला चिकटली, ते प्रथिन प्रोटिएझोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाते आणि त्याचे तुकडे होतात. ऊर्जा खर्च होते ती निवड करण्यासाठी. कोणाला मोडायचे, कोणाला ठेवायचे, याची किंमत पेशी मोजते.

फुली मारणारी विकरे आहेत, तशी ती पुसणारीही आहेत. माणसाच्या पेशींत पुसणाऱ्या विकरांचे सुमारे शंभर प्रकार आहेत. दोहोंचा तोल बिघडला, तर मोडायला हवे ते प्रथिन टिकून राहते आणि राहायला हवे ते नाहीसे होते. कर्करोगात नेमके असे घडू शकते.

अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणे मोघम असतात. पोट फुगते, दोन घासांतच भरल्यासारखे वाटते. त्यामुळे बहुतेक स्त्रियांत निदान उशिरा होते. प्लॅटिनमयुक्त औषधे कर्कपेशींच्या डीएनएची नासधूस करतात. आरंभी गाठ आक्रसते, पण पुष्कळदा रोग उलटतो. कर्कपेशी डीएनएची दुरुस्ती करायला शिकतात, हे त्याचे एक कारण.

इथे यूएसपी-१ हे पुसणारे विकर महत्त्वाचे ठरते. मात्र प्रत्येक फुली मृत्यूची नसते. डीएनएची नक्कल चालू असताना खराब जागा आली, की पीसीएनए नावाच्या प्रथिनावर एकच युबिक्विटिन बसते. त्याचा अर्थ, ‘इथे वेगळे कारागीर पाठवा.’ काम उरकल्यावर यूएसपी-१ ही खूण पुसते. खूण तशीच राहिली, तर पुढे गोंधळ माजतो.

आता नदीपलीकडच्या एखाद्या गावाची कल्पना करा. गावाला जायला दोन पूल आहेत. एक वाहून गेला तरी दुसऱ्यावरून रहदारी चालते; दोन्ही गेले की गाव तुटले. अंडाशयाच्या काही कर्करोगांत बीआरसीए-१ हे दुरुस्तीचे जनुक आधीच बिघडलेले असते. अशा पेशींत यूएसपी-१ला रोखले, की दुसरा पूलही पडतो आणि पेशी मरते. निरोगी पेशीचा पहिला पूल शाबूत असल्याने ती तग धरू शकते. प्रयोगशाळेत हे दिसल्यावर यूएसपी-१ला रोखणाऱ्या औषधांच्या रुग्णांवरील प्राथमिक चाचण्या सुरू झाल्या.

चाचणी म्हणजे उपचार नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. पण सिम्पसन यांच्या हिशेबात न बसलेल्या थोड्याशा ऊर्जेचा माग काढता काढता माणूस रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचला. तेव्हा प्रयोगवहीत एखादा आकडा जुळला नाही, तर तो लगेच खोडू नका. आधी त्याला ‘का?’ असे विचारा.