कर्जतला मागून बसणारा धक्का

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते, लोक वडापावासाठी फलाटावर उतरतात आणि तेवढ्यात गाडीला मागून हलकासा धक्का बसतो. बँकर लागला! घाटात गाडी मागून रेटणारी ही इंजिनं. पुढचं इंजिन एकटं दमतं म्हणून ही मदत, असं मला लहानपणी वाटायचं. पण प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही, चाकाखालच्या पकडीचाही आहे, हे कळलं तेव्हापासून हा घाट मी खिडकीला नाक लावूनच चढतो.

1863 मध्ये सुरू झालेल्या या भोर घाटाच्या मार्गावर रूळ 37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर चढतात. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटतो. गुरुत्वाकर्षण मात्र गाडीच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा मागे ओढत असतं. इंजिनासकट हजार टनांची गाडी धरली, तर ही ओढ 27 टनांची झाली. गाडी उभी असो की धावती, ऊन असो की पाऊस, तिच्यात तसूभर फरक पडत नाही.

घर्षणाचा स्वभावच निराळा. त्याला स्वतःची अशी दिशा नाही. चाक घसरू पाहतं तेव्हा ते उलट्या दिशेने आडवं येतं, तेही लागेल तेवढंच आणि एका मर्यादेपर्यंत. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ते जेमतेम नाण्याएवढ्या जागेत. रूळ कोरडा असला, तर 120 टनांच्या इंजिनाला साधारण 36 टनांची पकड मिळते. पावसात तीच निम्म्यावर येऊ शकते. समोर 27 टनांची ओढ आणि हाताशी 18 टनांची पकड! मग मोटर कितीही जोरकस असो, चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून इंजिनावर कोरड्या वाळूच्या पेट्या असतात. चाक सटकू लागलं, की नळीतून रुळावर वाळू सोडतात. हजारो अश्वशक्तीचं यंत्र अशा वेळी मूठभर वाळूच्या भरवशावर असतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. ही पकड येते कुठून? इंजिनाच्या वजनातून, म्हणजे गुरुत्वाकर्षणातूनच! गाडीला मागे खेचणारं बळच चाक रुळावर दाबून धरतं. डब्यांचं वजन वाढलं तर चढण जड जाते; इंजिनाचं वाढलं तर चाकाची पकड घट्ट होते.

उतरताना घर्षण आणि गुरुत्वाकर्षण यांच्यातला आणखी एक फरक दिसतो. ब्रेक चाकाला घासून गाडी आवरली, तर त्या घर्षणाची उष्णता होते आणि हवेत विरून जाते. तळाशी पोचल्यावर तापलेल्या लोखंडाचा वास येतो, तो त्याचाच. ती ऊर्जा पुन्हा हाती लागत नाही. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं काम मात्र उंचीच्या रूपात शिल्लक राहतं. लोणावळ्याला पोचलेल्या गाडीपाशी साडेपाचशे मीटरहून जास्त चढाईची कमाई असते. उतारावर विजेच्या इंजिनाच्या मोटरी उलटं काम करू लागतात. चाकं त्यांना फिरवतात आणि त्या जनित्र बनून वीज वरच्या तारेत परत सोडतात. त्याच वेळी खालून दुसरी गाडी चढत असेल, तर ती वीज तिच्या मोटरींना मिळते. डोंगर उतरणाऱ्या गाडीचं वजन तेव्हा दुसऱ्या गाडीला डोंगरावर ओढत असतं.