ललिता पवार : अधू डोळ्याचे सामर्थ्य

चित्रपट संपला म्हणजे प्रेक्षक नायक-नायिकेची नावे घेत बाहेर पडतात. परंतु घरी गेल्यावर बोलणे निघते ते पुष्कळदा कथेतल्या सासूविषयी, घरमालकिणीविषयी किंवा म्हाताऱ्या नोकराविषयी. अशा व्यक्ती जिवंत करणाऱ्या नटास चरित्र-अभिनेता म्हणतात. नायकाच्या वाट्याला सारा चित्रपट असतो. चरित्र-अभिनेत्याला मोजकेच प्रसंग मिळतात. तेवढ्यात चालण्यातून, बोलण्याच्या ढबीतून आणि नजरेतून त्याला एका माणसाचे सबंध आयुष्य सुचवावे लागते. हे काम किती मोलाचे आहे, ते ललिता पवार यांच्या जीवनावरून कळून येते.

त्यांचा जन्म १९१६ साली नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. मूकपटांच्या काळात बालवयातच त्या पडद्यावर आल्या आणि पुढे बोलपटांत नायिका झाल्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराने मारावयाची थप्पड चुकून जोराने बसली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूचा पक्षाघात झाला. दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा अधूच राहिला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस होते. मुखसौंदर्य हेच नायिकेचे भांडवल मानणाऱ्या व्यवसायात आता त्यांना स्थान उरले नाही, असेच कोणालाही वाटले असते.

त्यांनी मात्र वयस्क स्त्रियांच्या भूमिका पत्करल्या. ‘रामशास्त्री’ या १९४४ सालच्या चित्रपटात त्या आनंदीबाई झाल्या. १९५० साली शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये त्यांनी सुनेचा छळ करणारी सासू उभी केली. बारीक झालेला तो डोळा तेथे कपटी भासला आणि ‘खाष्ट सासू’ हे बिरुद त्यांना कायमचे चिकटले.

तथापि त्यांचे खरे मोठेपण त्या बिरुदापलीकडे आहे. १९५५ साली त्यांचे दोन चित्रपट पडद्यावर आले. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या पुरुषजातीचा तिटकारा करणारी श्रीमंत आत्या होत्या, ‘श्री ४२०’मध्ये पदपथावरच्या निराधारांना माया लावणारी केळेवाली. चेहरा तोच, डोळाही तोच. एकीकडे त्यात दर्प दिसतो, दुसरीकडे वात्सल्य!

‘अनाडी’ हा हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट १९५९ सालचा. त्यातील मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण तोंडाने फटकळ, पण अंतःकरणाने मऊ. ती भाड्यासाठी तरुण भाडेकरूवर ओरडते आणि त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया करते. तो ज्यांच्या पदरी नोकरीस असतो, त्यांच्याच कंपनीचे सदोष औषध घेऊन तिचा अंत होतो आणि तिच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो. कथेचा सारा भार तिच्या मायेवर उभा आहे. ती खोटी वाटती, तर चित्रपटच कोसळला असता. या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक लाभले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

पुढे ‘आनंद’मधील करडी पण प्रेमळ परिचारिका आणि १९८७ साली सुरू झालेल्या दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील मंथरा याही भूमिका गाजल्या. १९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

व्यंग आपल्यापरी ना दुष्ट असते, ना सुष्ट. त्याला अर्थ येतो तो त्यामागे उभ्या असलेल्या माणसामुळे. ललिताबाईंनी आपला अधू डोळा लपविला नाही. त्यालाच त्यांनी बोलावयास शिकविले.