रजोनिवृत्ती आणि हार्मोन उपचार : मौन सोडून आकडे पाहू या

मासिक पाळीला 'विटाळ' म्हणणारी आणि आपल्या पूर्वजांच्या सावलीचा विटाळ मानणारी व्यवस्था एकच होती. ती आपण नाकारली. पण पाळीविषयीचे मौन मात्र ब्रिटनमध्ये येऊनही आपल्या घरांतून गेलेले नाही. म्हणूनच पाळी थांबण्याच्या काळात अंगातून येणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, सांधेदुखी हे सारे 'वयाचे दुखणे' ठरते. ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ आहे. भारतात ती त्याहून काही वर्षे आधीच येते.

या त्रासावर हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी, म्हणजेच एचआरटी, हा सर्वांत परिणामकारक उपचार आहे. तरीही त्याचे नाव काढताच 'त्याने कॅन्सर होतो' असे ऐकू येते. ही भीती मुख्यतः २००२ सालची आहे. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातील १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी तेव्हा मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढल्याची बातमी जगभर पसरली. प्रत्यक्षात दर १०,000 स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना हा आजार झाला होता. त्या स्त्रियांचे सरासरी वयही ६३ होते.

धोका खोटा नाही. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन एकत्र घेतल्यास तो उपचाराच्या कालावधीनुसार वाढतो. गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो. नेहमीच्या मात्रेतील पट्टी किंवा जेलमुळे तो वाढत नाही. गर्भाशय असलेल्या स्त्रीने केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग संभवतो, म्हणून सोबत प्रोजेस्टोजेन आवश्यक असते. दुसऱ्या बाजूला झोप, कामाची उमेद आणि हाडांची बळकटी हे लाभ आहेत. साठीच्या आतील, किंवा पाळी थांबून दहा वर्षे न झालेल्या, त्रास असलेल्या निरोगी स्त्रीच्या बाबतीत लाभाचे पारडे बहुधा जड ठरते. मात्र जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, तिने तज्ज्ञांशी बोलून हार्मोनविरहित पर्याय पाहावेत.

गावाकडच्या बहिणींचाही येथे विचार व्हावा. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही गेली, तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. मग नैसर्गिक वयापर्यंत एचआरटी घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो, अन्यथा हाडे व हृदय यांना धोका वाढतो. आपल्या नात्यात असे कोणी असल्यास हे तिला जरूर सांगावे.

जीपीकडे जाताना त्रासांची नोंद आणि घराण्यातील कर्करोग, गुठळ्या, हृदयविकार यांची माहिती न्यावी. ती आई-मावशी-आत्यांना विचारल्यावाचून मिळणार नाही. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी मोफत मागता येतो. आईचे हे बोलणे मुलाने भाषांतरित करावे लागू नये. इंग्लंडमध्ये एचआरटीसाठी वार्षिक सवलतीचे प्रमाणपत्रही मिळते.

ऐकीव गोष्ट किंवा परंपरा एवढ्यावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालाम सुत्तातील तथागतांचा उपदेश आपण मुलांना शिकवतो. आपल्या आया-बहिणींना तो स्वतःच्या शरीराबाबत वापरता यावा, एवढी मोकळीक आपण घरात निर्माण करू या. उपचार घ्यावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे.

जय भीम.