दोन वर्षांसाठी घडवलेलं इंजिन

एक्स्प्रेस गाड्या ओढणारी लांबलचक इंजिनं सगळ्यांच्या नजरेत भरतात. त्यांच्यामागे यार्डात राबणाऱ्या इंजिनांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. विखुरलेल्या वाघिणी गोळा करायच्या, ढकलायच्या, हव्या त्या रुळावर नेऊन मालगाडी जुळवायची, हे शंटिंगच्या इंजिनाचं काम. त्याला वेग लागत नाही. उभी गाडी जागची हलवण्याची ताकद हवी आणि पुढेमागे सारखंच धावता आलं पाहिजे. म्हणून पाणी-कोळशाचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, मागे न जोडता दोन्ही अंगावरच वाहणारं टँक इंजिन इथे बरं पडतं. माथेरानच्या गाडीची जुनी वाफेची इंजिनं याच जातीची, आकारानं मात्र लहानखुरी.

या जातीतलं मला सर्वांत भावलेलं इंजिन म्हणजे ब्रिटनमधलं ‘ऑस्टेरिटी’. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला बंदरांसाठी आणि कोठारांसाठी शंटिंगची इंजिनं तातडीनं हवी होती. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या एका जुन्या नमुन्याचा विचार चालला होता. लीड्सच्या हन्स्लेट कंपनीनं आपला साधा, झटपट बांधून होणारा नमुना पुढे केला आणि तोच ठरला. अट कडक होती : फारशी देखभाल न होता दोन वर्षं सडकून काम करायचं, सपाटीवर १,००० टनांची गाडी हलवायची आणि शंभरात एक चढावर ५५० टनांची. जानेवारी १९४३ मध्ये पहिलं इंजिन वाफेवर आलं.

त्याची खरी करामत वजनाच्या मांडणीत आहे. इंजिनाचं वजन सुमारे ४८ टन आणि ते सगळं सहा चाकांवर. सहाही चाकं ओढणारी. चाकांचा व्यास जेमतेम सव्वाचार फूट, त्यामुळे वेग कमी पण ओढ जबर. बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली टाकी १,२०० गॅलन पाणी घेते. ते पाणीच पाच टनांहून जड, आणि त्याच्या दाबामुळे चाकं रुळाला घट्ट धरतात. टाकी रिकामी होत गेली की पकडही सैल होते. ओल्या रुळावर चाकं जागीच गरगरू लागतात. सिलिंडर मात्र दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्ये, आतल्या बाजूला. तेल घालणाऱ्याला खाली वाकून, अंग चोरून आत शिरावं लागे. बांधणी सोपी ठेवली, पण तेलवाल्याचे हाल काही टळले नाहीत.

सहा कारखान्यांनी मिळून युद्धखात्यासाठी ३७७ इंजिनं बांधली. युद्धानंतर ७५ लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं घेतली, २७ नेदरलँड्सच्या रेल्वेकडे गेली. पुष्कळशी कोळशाच्या खाणींवर पोचली आणि तिथे त्यांचा जम बसला. खाणीच्या तोंडाशी कोळसा हाताशी होता, वाघिणी जड होत्या, रूळ वाकडेतिकडे होते. या इंजिनाला हेच मानवणारं. मागणी इतकी राहिली की शेवटची इंजिनं १९६४ मध्ये बांधली गेली आणि एकूण आकडा ४८५ वर पोचला. तोवर ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर डिझेल स्थिरावत होतं. धुराविरुद्धचे नियम आले तेव्हा हन्स्लेटनं काही इंजिनांना कोळसा खालून पुरवणारी यांत्रिक व्यवस्था बसवून धूर कमी केला. खाणींवर ही इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाघिणी ओढत होती.