चढावर अडलेली मालगाडी आणि सिम्युलेटरवाल्यांचे लाडके गैरसमज

मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला तेव्हा त्यात सहा मार्ग होते. त्यातला एक अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यातला, शेल्बी ते व्हाइटफिश, मरायस पास ओलांडून जाणारा. तो खेळ बाजारातून कधीच गेला, पण मार्ग टिकला. ‘ओपन रेल्स’ या मोफत सिम्युलेटरवर तो आजही चालतो, आणि नव्या खेळाडूची फजितीही तिथे ठरलेल्या क्रमानेच होते. जड मालगाडी निवडायची, थ्रॉटल थेट आठव्या नॉचवर, म्हणजे शेवटच्या पायरीवर न्यायचा, चाकं जागच्या जागी गरगरताना बघायची, मग आणखी दोन इंजिनं जोडायची आणि कपलिंग तोडून घ्यायचं. शेवटी निकाल एकच: खेळात गडबड आहे.

गडबड बहुतेक वेळा खेळात नसते, ती इंजिनाकडे बघण्याच्या आपल्या नजरेत असते.

सगळ्यात चिवट समज हॉर्सपॉवरचा. जास्त हॉर्सपॉवरचं इंजिन जास्त वजन चढवणार, असं आपण धरून चालतो. आपल्याकडचीच दोन इंजिनं घेऊ. डब्ल्यूएजी-९ हे विजेवरचं इंजिन ६,१२० हॉर्सपॉवरचं, वजन १२३ टन. डब्ल्यूडीजी-४ हे डिझेल ४,००० हॉर्सपॉवरचं, वजन १२६ टन. जागेवरून गाडी उचलताना पहिल्याचा कमाल जोर ४६० किलोन्यूटन आणि दुसऱ्याचा ५४०. कमी ताकदीचं इंजिन सुरुवातीला जास्त ओढतं! कारण उभी गाडी हलवताना प्रश्न ताकदीचा नसतो, पकडीचा असतो. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकतं ते नखाएवढ्या जागेवर. तिथली पकड चाकावरच्या वजनाच्या ठरावीक हिश्शापलीकडे जात नाही. शेवाळलेल्या फरशीवर उभ्या केलेल्या पैलवानाला दंडातल्या बळाचा जेवढा उपयोग, तेवढाच घसरत्या चाकांना हॉर्सपॉवरचा.

हॉर्सपॉवर मोलाची ठरते ती वेगासाठी. मरायस पासचाच हिशेब मांडून बघू. खिंडीच्या पूर्वेकडचा चढ सौम्य, साधारण एक टक्क्याचा. पश्चिमेकडचा १.८ टक्के, म्हणजे हजार मीटर पुढे गेलं की अठरा मीटर वर. एक टक्का चढाला दर टनामागे दहा किलो ओढ लागते, म्हणजे इथे अठरा किलो. वर सपाटीवरही लागणारा घर्षणाचा दोनेक किलोचा खर्च. ६,००० टनांच्या गाडीला झाले १२० टन. आता खेळातलं डॅश-९ इंजिन: ४,४०० हॉर्सपॉवर, वजन सुमारे १९० टन. पकड पाव हिस्सा धरली तर एक इंजिन ४७ टनांच्या आसपास ओढेल. दोन इंजिनांनी ९५ टन भरतात, गाडी जागची हलणार नाही. तीन लावली तर १४२ टन. त्यातले अकरा टन इंजिनांना स्वतःला वर नेण्यात जातात, तरी जेमतेम भागतं. आणि भागल्यावर वेग किती? तिन्ही मिळून १३,२०० हॉर्सपॉवर, त्यातली चाकापर्यंत पोचते ती भागिले १३० टनांची ओढ: ताशी तेवीस किलोमीटरच्या आसपास. खेळाडूला वाटतं, गाडी रखडते आहे. ती रखडत नसते, अगदी वेळेत चाललेली असते.

पकड हा आकडा स्थिरही नसतो. ओपन रेल्स त्यासाठी कर्टियस आणि क्निफलर यांचं सूत्र वापरतं. त्यानुसार कोरड्या रुळावर उभ्या गाडीला वजनाच्या ३३ टक्के पकड मिळते, ताशी वीस किलोमीटरला २८, ऐंशीला २२. पाऊस पडला की आणखी खाली. त्यामुळे उन्हात निघालेली गाडी त्याच चढावर पावसात अडते, आणि लोक पुन्हा गडबड शोधायला लागतात.

‘पायथ्याशी वेग घ्या, मग चढ आपोआप मारला जातो’ हा दुसरा सल्ला. रस्त्यावरच्या गाडीतून आलेला, आणि छोट्या उंचवट्यापुरता खराही. पण ताशी साठ किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत साठलेली ऊर्जा तिला उचलू शकते फक्त चौदा मीटर. गाडी हलकी असो वा जड, हा आकडा बदलत नाही. १.८ टक्क्यांच्या चढावर ही पुंजी आठशे मीटरांत संपते, आणि गाडी स्वतःच जवळजवळ किलोमीटरभर लांब असते. आपल्या बोर घाटात तर १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली तेव्हाचीच चढाई १,८३१ फुटांची, म्हणजे साडेपाचशे मीटरांवर, आणि सगळ्यात तीव्र चढ सदतिसास एक. तिथे या चौदा मीटरांनी काय होणार?

थ्रॉटलचं म्हणाल तर एकदम आठव्या नॉचवर जाण्याने दोन गोष्टी बिघडतात. चाक एकदा घसरलं की पकड आणखी कमी होते, त्यामुळे ‘थोडा जोर वाढवू, धरेल’ हा विचार नेमका उलटा पडतो. नॉच खाली आणायचा, चाक धरू द्यायचं, मग पुन्हा एकेक पायरी वर. दुसरं म्हणजे वाघिणींच्या जोडण्यांतली मोकळीक. पन्नास-साठ वाघिणींची ही मोकळीक एका झटक्यात ताणली गेली की शेवटच्या वाघिणी हिसका खाऊन निघतात, आणि तो हिसका कुठल्या तरी कपलिंगला सोसावा लागतो. वाळूबद्दलही असाच गोड समज आहे. किबोर्डवरचं एक्स दाबून ठेवलं की प्रश्न मिटला! वाळूने पकड वाढते हे खरं, पण ती घसरण्याआधी टाकायची असते. चाक गरगरत असताना टाकलेली वाळू नॉच कमी केल्याशिवाय कामाची नाही. खऱ्या रुळांवर तर वाळूचा थर चाक आणि रूळ यांच्यामधला विजेचा संपर्क अडवतो, आणि गाडी कुठे आहे हे सिग्नल यंत्रणेला ज्या ट्रॅक सर्किटमुळे कळतं तेच गोंधळतं. खेळात याची शिक्षा नाही, म्हणून एक्सवरचं बोट कोणी उचलत नाही.

‘हळू चाललंय, म्हणजे इंजिनावर ताण कमी’ हेही तितकंच उफराटं. डॅश-९ सारख्या, डीसी मोटारी असलेल्या इंजिनात पूर्ण थ्रॉटल आणि कमी वेग ही सगळ्यात वाईट जोडी. मोटारीत वीजप्रवाह तेव्हाच सर्वाधिक असतो, ती तापते, आणि पंख्याची हवा ती उष्णता वाहून नेण्याला पुरत नाही. म्हणून अशा इंजिनांना पूर्ण जोर लावून सलग चालवण्याचा किमान वेग ठरवून दिलेला असतो. त्याखाली काही मिनिटंच रेटता येतं. डब्ल्यूएजी-९ सारख्या थ्री-फेज मोटारींना हा त्रास पुष्कळ कमी. जुन्या मायक्रोसॉफ्ट खेळात मोटार कधी जळायची नाही, त्यामुळे एक अख्खी पिढी ताशी पाच किलोमीटरने खिंड चढण्यात धन्यता मानत आली. ओपन रेल्समध्ये इंजिनाच्या फाइलीत सलग ओढण्याची मर्यादा लिहिलेली असेल तर जोर हळूहळू उतरत जातो.

आता बँकर, म्हणजे घाट चढताना मागून ढकलणारं जादा इंजिन. कर्जतला गाडी थांबते, मागे इंजिन लागतं, लोणावळ्याला सुटतं. कसाऱ्याहून इगतपुरीला चढतानाही तेच. मुंबई-पुणे किंवा मुंबई-नाशिक करणाऱ्याने हे असंख्य वेळा पाहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ ठरलेला असतो: पुढच्या इंजिनाला जोर पुरत नाही. अर्धं खरं. जोरच हवा असेल तर ते इंजिन पुढे का जोडत नाहीत?

उत्तर कपलिंगमध्ये आहे. तिन्ही डॅश-९ पुढे लावली तर गाडीची सगळी १२० टनांची ओढ पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर येते. त्यातलं एक इंजिन मागे लावून चाळीस टन ढकलू दिलं तर पहिल्या कपलिंगवर उरतात ऐंशी. गाडीत दोन-तृतीयांश अंतरावर एक जागा अशी येते की जिथे ओढही नाही आणि रेटाही नाही. तिच्यापुढे जोडण्या ताणलेल्या, मागे दबलेल्या. अमेरिकन कपलरमधला नकल हा आकड्यासारखा वळणारा तुकडा मुद्दामच सगळ्यात आधी तुटेल असा केलेला असतो. तो पस्तीसेक किलोंचा, माणसाला उचलून जागेवर बदलता येणारा. म्हणजे तुटणं हा अपघात असला तरी कुठे तुटायचं हे आधीच ठरलेलं आहे, आणि मला तरी या सगळ्या यंत्रणेतली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. मरायस पासच्या पश्चिम उतारावर एसेक्स हे गाव याच कामामुळे वसलेलं: मदतीची इंजिनं तिथे उभी असत, आणि १९३९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कामगारांसाठी बांधलेलं आयझॅक वॉल्टन इन पुढे पर्यटकांचं हॉटेल झालं.

मागून ढकलण्याचीही मर्यादा असते. जोर फार झाला, आणि मध्ये रिकाम्या वाघिणी असल्या, तर वळणावर त्या रुळाबाहेर रेटल्या जातात. म्हणून ‘मागे चार इंजिनं लावली की काम फत्ते’ हाही भ्रमच. घाटातल्या बँकरचं आणखी एक काम असतं, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: मधे कपलिंग तुटलंच तर सुटलेला भाग खाली धावू नये म्हणून मागे ब्रेकसकट एक जिवंत इंजिन असणं.

सिम्युलेटर इथे जरा फसवतो. जुन्या खेळात पुढचं आणि मागचं इंजिन तुमच्या एकाच थ्रॉटलने चालतं. खऱ्या घाटात बँकरवर वेगळे लोको पायलट असतात, आणि दोघांचा मेळ हीच खरी कसोटी. ओपन रेल्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मागच्या इंजिनांचा गट वेगळा करून त्यांना वेगळा नॉच देता येतो. माथ्यावर अर्धी गाडी उतरायला लागली आणि अर्धी अजून चढते आहे, अशा वेळी त्याची किंमत कळते. कपलिंग तुटण्याचा पर्यायही त्यात आहे. पुष्कळजण तो बंद ठेवतात आणि मग आपण घाट जिंकल्याचं सांगत फिरतात.

यावरून एक उलटा समजही निघतो, की हा सगळा पोरखेळ, यातून खरं काही शिकता येत नाही. ते अवलंबून असतं इंजिनाच्या आणि वाघिणीच्या फाइलीत काय लिहिलंय त्यावर. हौशी मंडळींनी भारतीय इंजिनं, डबे, मार्ग मोठ्या कष्टाने बनवले आहेत. रंग, आवाज, पाट्या सगळं हुबेहूब असतं. पण भरलेल्या बॉक्सएन वाघिणीचं वजन ८१ टनांच्या घरात हवं तिथे रिकाम्या वाघिणीचा आकडा राहून गेला असेल, तर एक इंजिन अठ्ठावन्न वाघिणी हसतखेळत खंडाळ्याला नेतं. वळणांमुळे वाढणारा अवरोधही हिशेबात धरलेला असायला हवा, कारण घाट म्हणजे वळणंच. तेव्हा गाडी सहज चढली की आनंद मानण्याआधी एफ-५ दाबून आकडे बघावेत. तीव्र चढावर एकही चाक कुरकुरलं नाही, तर संशय घ्यायला जागा आहे.

वजनाचा आकडा चुकला की काय होतं, याचा दाखला खेळातला नाही. १२ मे १९८९ रोजी सदर्न पॅसिफिकची ट्रोना या खनिजाने भरलेली ६९ वाघिणींची गाडी कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीतून उतरत होती. खाणीकडून वजन कळवलं गेलं नव्हतं. कागदावर अंदाजाने ६,१५१ टन लागले. खरं वजन नऊ हजारांच्या आसपास. शिवाय काही इंजिनांचे डायनॅमिक ब्रेक, म्हणजे मोटारींनाच जनित्र बनवून वेग रोखणारे ब्रेक, चालत नव्हते, आणि पुढच्या चालकाला याची पूर्ण कल्पना नव्हती. गाडी सुटली, ताशी दीडशे किलोमीटरच्या पलीकडे गेली आणि सॅन बर्नार्डिनो शहरातल्या डफी स्ट्रीटवरच्या घरांवर कोसळली. चारजण मेले. तेरा दिवसांनी तिथलीच पेट्रोलची वाहिनी फुटून आग लागली, त्यात आणखी दोघे.

या अपघाताने ‘चढ कठीण, उतार म्हणजे आराम’ आणि ‘काही बिघडलं तर इमर्जन्सी ब्रेक आहेच’ हे दोन्ही समज एकदम निकालात काढले. गाडी आवरेना म्हणून मागच्या मदतीच्या इंजिनावरच्या चालकाने इमर्जन्सी ब्रेक लावला. त्या इंजिनांची रचनाच अशी होती की इमर्जन्सी लागताच डायनॅमिक ब्रेक बंद पडे. जो काही थोडा रोध मिळत होता तोही गेला. वाघिणींचे ब्रेक आधीच तापून थकले होते. चढावर चूक झाली तर गाडी थांबते. उतारावर ती थांबत नाही, एवढाच काय तो फरक. बोर घाटात उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंगकडे, म्हणजे सुटलेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या रुळाकडे, लावून ठेवलेला सांधा याच भीतीपोटी आहे: गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो.

सिम्युलेटरमध्ये इमर्जन्सी म्हणजे बॅकस्पेसची कळ. माथा ओलांडण्याआधीच वेग उतरवून डायनॅमिक ब्रेक धरलेला असेल, तर तिला हात लावायची वेळ सहसा येत नाही.