नोंदीतले ‘निलम’ आणि शिवारातले भात

केरळमध्ये 1970च्या दशकाच्या मध्यास सुमारे पावणेनऊ लाख हेक्टर असलेले भातक्षेत्र पुढील तीनेक दशकांत अडीच लाख हेक्टरांच्याही खाली आले. ही घसरण रोखण्यासाठी तेथील विधिमंडळाने केलेला भातजमीन व पाणथळ संरक्षण कायदा 12 ऑगस्ट 2008 रोजी अमलात आला. त्या दिवशी जमीन प्रत्यक्षात कशी होती, हाच पुढील बहुतेक खटल्यांचा कळीचा प्रश्न ठरला असला, तरी वादातील दोन्ही बाजू पुष्कळदा भलत्याच मुद्द्यांवर विसंबून राहतात.

पहिला आणि सर्वाधिक रूढ गैरसमज महसुली नोंदीविषयीचा आहे. केरळच्या मूळ कर नोंदवहीत जमिनीचे ‘निलम’, म्हणजे भाताची ओली जमीन, आणि ‘पुरयिडम’, म्हणजे घर वा बागेची कोरडी जमीन, असे वर्ग असतात. नोंद ‘निलम’ असली की जमीन कायमची संरक्षित झाली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः 2008च्या कायद्याचे संरक्षण नोंदीवरून ठरत नाही. ग्रामपंचायतीचा अध्यक्ष, कृषी अधिकारी, गाव अधिकारी आणि भात उत्पादकांचे प्रतिनिधी यांची स्थानिक समिती उपग्रहचित्रे व प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे जी यादी, म्हणजे ‘डेटा बँक’, तयार करते, तिला येथे महत्त्व आहे. सातबाऱ्यावर एकदा चढलेले पीकही जिथे वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, तिथल्या वाचकाला नोंद आणि शिवार यांतील हे अंतर नवे वाटू नये.

मात्र ही यादीही अंतिम नाही. जुनी रबराची वा नारळाची बाग, किंवा 2008पूर्वीच भराव पडून घरे उठलेली जागा त्यात चुकून आल्याची उदाहरणे घडल्यामुळे मालकाला ती वगळण्यासाठी महसूल विभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रातील प्रांताधिकाऱ्याच्या समकक्ष अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो.

पडीक जमिनीबाबतचा गैरसमज याहून खोल आहे आणि तो दुहेरी आहे. काही वर्षे पेरणी बंद ठेवली की जमीन भातजमीन राहत नाही, असे मालक मानतात. परंतु वर्षातून एकदा भात होणाऱ्या जमिनीबरोबरच भातास योग्य असूनही पडीक ठेवलेली जमीन, आणि तिचे बांध, निचऱ्याचे चर, तळी व कालवे, हे सारे कायद्याच्या व्याख्येत येते. उलट, जमीन पडीक व सखल दिसते एवढ्यावरच ती भातजमीन ठरवणारे आदेश केरळ उच्च न्यायालयाने वारंवार रद्द केले आहेत. संबंधित तारखेला ती भातास खरोखर योग्य होती का, तिथे पाणी कुठून येई व कुठे जाई, याची छाननी अधिकाऱ्याने उपग्रहचित्रांसह केली पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे आहे. पाण्याचा हा आग्रह रास्तच म्हणावा लागेल, कारण सलग खाचरांपैकी एकात भराव पडला तर त्याची किंमत शेजारच्यालाही मोजावी लागते.

यादीतून नाव वगळले म्हणजे बांधकामास मोकळीक मिळाली, ही समजूतही चुकीची आहे. 2018च्या दुरुस्तीने, 30 डिसेंबर 2017पासूनच्या प्रभावाने, नोंदीत ‘निलम’ असलेल्या पण यादीत नसलेल्या जमिनीसाठी ‘अनधिसूचित जमीन’ असा वेगळा वर्ग आणला. तिचा वापर बदलण्यास परवानगी व शुल्क दोन्ही लागतात, 25 सेंटपर्यंतच्या क्षेत्रास मात्र ठरावीक अटींवर शुल्कमाफी आहे. एक सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग, तेव्हा 25 सेंट म्हणजे आपले 10 गुंठे.

संरक्षण म्हणजे भूसंपादन आणि म्हणून भरपाई देय, हा युक्तिवादही टिकत नाही. मालकी, कसण्याचा हक्क आणि विक्रीचा हक्क मालकाकडेच राहतो. बंधन येते ते वापरावर. स्वतःच्या घरासाठी ग्रामपंचायत हद्दीत 10 आणि शहरी हद्दीत 5 सेंटपर्यंत सवलत मिळू शकते, तीही मालकाकडे दुसरी योग्य जागा नसेल आणि शेजारच्या भातशेतीस बाधा येत नसेल तरच. परवानगीविना टाकलेला भराव काढून जमीन पूर्ववत करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे, त्यामुळे केवळ भराव घालून जमिनीचे रूप बदलले म्हणजे तिची कायदेशीर स्थिती बदलत नाही.